झुकिनी किसताना पाण्याचा बंदोबस्त

झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, त्यामुळे खरं काम किसून झाल्यावरच सुरू होतं. साल काढू नका. कोवळी साल किसात कळतही नाही. देठ-टोक उडवून एक चकती चाखा. कडू लागली तर सरळ फेकून द्या, शिजवून तो कडूपणा जात नाही. जून झुकिनीचा बियांचा भुसभुशीत गर चमच्याने काढा. किसणीची मोठी भोकं वापरा, बारीक किसाचा नुसता लगदा होतो. अर्धा किलो किसाला अर्धा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा, मग सुती फडक्यात घट्ट पिळा. पुढे पदार्थात मीठ बेतानंच. केकसाठी मात्र मीठ न लावता हलकंच पिळा.