सोनाटा-रचना कानाने कशी ओळखावी

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील सोनाटा-रचना, म्हणजे मांडणी, विस्तार आणि पुनरागमन अशा तीन टप्प्यांची बांधणी, समजून घेण्यासाठी मोत्सार्टच्या ‘आइने क्लाइने नाख्टम्युझिक’ या 1787 सालच्या कृतीचा पहिला भाग मोबाइलवर लावावा. विदर्भातील खेड्यांत भजनी मंडळाची पेटी सहज मिळते. ती जवळ घेऊनच बसावे, कारण या रचनेचा प्राण पट्टीच्या प्रवासात आहे. जुन्या बनावटीच्या वाद्यांवरील ध्वनिमुद्रण मात्र टाळावे, ते बहुधा थोडे उतरलेले असते.

प्रारंभी पांढरी पाच धरून ठेवावी. ठसठशीत पहिली धून या पट्टीत येते. पुढे नाजूक दुसरी धून सुरू होताच पांढरी दोन दाबून पाहावी, म्हणजे आधाराचा षड्जच सरकल्याचे कानाला पटेल. भजनात षड्ज अखेरपर्यंत अढळ राहतो, म्हणून हा बदल आपल्याला प्रथम परका वाटतो; पण सोनाटातील सारा ताण त्यातूनच निर्माण होतो. ही ‘मांडणी’ बहुधा लगेच पुन्हा वाजवली जाते, त्यामुळे गोंधळू नये.

नंतरच्या ‘विस्तारा’त धुनींचे तुकडे निरनिराळ्या पट्ट्यांत फिरतात, येथे तो आटोपशीर आहे.

‘पुनरागमना’त पहिली धून पांढरी पाचवर परतते आणि दुसरी धूनही आता त्याच पट्टीत येते. माझ्या मते हे एक स्थान पेटीवर पडताळता आले, की निम्म्याहून अधिक रचना उमगली. त्यानंतर बेथोव्हेनची 1808 मध्ये प्रथम सादर झालेली पाचवी सिंफनी घ्यावी. तिच्या पहिल्या भागात दुसऱ्या धुनीची वर्दी मांडणीत हॉर्न ही पितळी वाद्ये देतात, तर पुनरागमनात ‘बसून’ (bassoon) ही लाकडी फुंकवाद्ये.