एमएसमध्ये लघवीची घाई: गोळीआधी उरलेली लघवी मोजा

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) असलेल्या माणसाला लघवीची घाई होऊ लागली की मूत्राशयाचा स्नायू सैलावणारी गोळी सुरू करण्याकडे कल असतो. तिथेच चूक होते. घाई दोन उलट कारणांनी होते. एक तर मूत्राशयाचा स्नायू थोड्याशा लघवीनेच आवळतो, नाहीतर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि लगेच पुन्हा भरतं. मज्जारज्जूला इजा असेल तर पुष्कळदा दोन्ही एकत्र असतं: स्नायू आवळतो, पण खालची झडप उघडायच्या ऐवजी मिटते. रुग्णाला मात्र ‘पूर्ण झाली’ असंच वाटतं, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका.

आधी लघवी तपासून जंतुसंसर्ग आहे का पाहा. संसर्गाने पाय जड होतात, ताठरपणा वाढतो आणि एमएसचा नवा झटका आल्यासारखं वाटतं. मग तीन दिवस नोंद ठेवा: किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिली, कधी गळाली, काय प्यायलात. त्यानंतर लघवी करून आल्याआल्या सोनोग्राफीने उरलेली लघवी मोजून घ्या. आधी भरमसाट पाणी पिऊन मूत्राशय तट्ट फुगवलं, किंवा लघवीनंतर वेळ गेला, तर आकडा फसवा येतो.

उरलेली लघवी १०० मिलीपेक्षा कमी असेल तर सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडीन किंवा मिराबेग्रॉन यांपैकी औषध डॉक्टर देतात. पहिल्या दोन्हींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो; मिराबेग्रॉन घेताना रक्तदाब बघत राहावा लागतो. काही आठवड्यांनी उरलेली लघवी पुन्हा मोजा, कारण स्नायू सैलावला की ती वाढू शकते.

ती १०० मिलीच्या वर राहत असेल तर स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिका. पहिल्यांदा नर्ससमोरच. साबणाने हात धुवा, मूत्रद्वार स्वच्छ करा, वंगण लावलेली नळी (मोठ्यांना बहुधा १२ किंवा १४ नंबर जाडीची) सावकाश सरकवा. लघवी येऊ लागल्यावर आणखी दोन-तीन सेंटीमीटर आत न्या. पुरुषांनी लिंग वर, पोटाच्या दिशेने धरावं. वाटेत अडल्यास जोर लावू नका, खोल श्वास घ्या, हलकं खोका, झडप सैल पडते. धार थांबली की नळी हळूहळू बाहेर काढा. मध्येच पुन्हा धार लागली तर थांबा. एका वेळी ४००–५०० मिलीपेक्षा जास्त निघत असेल तर वेळा वाढवा. हात थरथरत असतील किंवा नजर अधू असेल तर घरच्या माणसाला शिकवून ठेवा; यात संकोचण्यासारखं काही नाही.

गळतीच्या भीतीने पाणी तोडू नका. घट्ट लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते, संसर्गही वाढतो. डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर प्या. चहा-कॉफी कमी करा.

गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या स्नायूत बोटॉक्सचं (स्नायू सैलावणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देतात. परिणाम काही महिने टिकतो, पण लघवी तुंबू शकते. म्हणून नळी घालायची तयारी इंजेक्शनच्या आधीच हवी.

थंडी वाजून ताप, कमरेच्या बाजूला दुखणं, लघवीतून रक्त किंवा लघवी अजिबात न होणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.