मलप्रभेच्या मागं मागं : दोघांनी दोन दिवसांत करायची ट्रिप

बेळगावातून जांबोटी रोडला लागलेल्या बहुतेक गाड्या गोव्याला जातात, पणजी गाठायची घाई असते आणि कणकुंबी कधी आलं कधी गेलं ते कळतपण नाही. आम्ही दोघंपण लग्नानंतर दोन-तीनदा असंच गेलो. मग एकदा ठरवलं, गोव्याला जायचंच नाही, चोर्ला घाटाच्या तोंडावरून परत फिरायचं आणि मलप्रभा जिथं उगम पावते तिथून तिच्या मागं मागं सौंदत्तीपर्यंत जायचं. आमच्या सगळ्या फिरण्यात ही ट्रिप मला सगळ्यात जास्त आवडलीय, म्हणून कशी करायची ते सगळं लिहितेय.

जायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नदीला पाणी असतं, भात पिकायला आलेलं असतं, आणि घाट धुऊन काढल्यासारखा हिरवा असतो. जून ते ऑगस्ट कणकुंबीकडं इतका पाऊस पडतो की वायपर फुल स्पीडला ठेवूनपण पुढचं दिसत नाही, तेव्हा नवीन ड्रायव्हरनं जाऊच नये.

बेळगावात टाकी फुल करा, हवा बघा, मॅप ऑफलाइन डाऊनलोड करून ठेवा कारण जांबोटीच्या पुढं रेंज येते-जाते. सहाला निघा. पिरनवाडी, किणये करत जांबोटी साधारण तीस किलोमीटर, तिथं चहा घ्यायचाच, कारण पुढं जंगल लागतं आणि टपऱ्या कमी होतात.

धुक्याचं एक सांगते. पहिल्या वेळी मी चालवत होते, जांबोटी सोडली आणि एकदम सगळं पांढरं झालं, घाबरून मी हाय बीम लावला तर समोर भिंतच उभी राहिली. कशीबशी एका टपरीपाशी गाडी बाजूला घेतली. टपरीवाल्या मावशी स्टोव्हला पंप मारत होत्या, काचेकडं बघून म्हणाल्या, "लाईट खाली करा की वो, मग दिसतंय." लो बीम केला आणि खरंच रस्त्याची पांढरी पट्टी दिसायला लागली. तेव्हापासून आमचा नियम, धुक्यात लो बीम, डावी कड धरून सावकाश, आणि शेजारी बसलेल्यानं मोबाईल खाली ठेवून रस्ता बघायचा. चढणीला येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि उतारावर ब्रेक दाबून न ठेवता सेकंड गिअरमध्येच उतरायचं.

कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. चपला काढून शांत उभं राहा, एवढंसं पाणी, आणि हीच नदी पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडं जाते. याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र उलटी पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते. म्हणजे इथल्या डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस एका समुद्राला आणि दुसऱ्या अंगाचा दुसऱ्या समुद्राला. हे कळल्यावर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही. तिथून पुढं चोर्ल्याच्या वळणांवरून दरी बघा आणि गाडी फिरवा. वळणावर गाडी थांबवू नका, रुंद जागा बघूनच थांबा.

परत जांबोटीला आलं की हब्बनहट्टीचा मारुती, देऊळ अगदी नदीच्या काठावर, सकाळी बघितलेलं ते एवढंसं पाणी इथं खडकांतून वाहतं. मग खानापूर, आणि खानापूरजवळच असोगा, रामलिंगाचं देऊळ, संध्याकाळी इथंच बसायचं. पायरीवर बसून पाय पाण्यात सोडा, पण पोहायला उतरू नका, वरून पाणी शांत दिसलं तरी खाली ओढ असते. मुक्काम खानापुरात करा, रात्री घाटात गाडी घालायची गरजच पडत नाही.

दुसऱ्या दिवशी आधी हलशी. कदंब राजघराण्याची ही दुसरी राजधानी, तेव्हाचं नाव पलाशिका. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मधे उभं राहिलं की एकीकडं वराह आणि दुसरीकडं नरसिंह, आत गारवा असतो, घाई करू नका, अर्धा तास तरी द्या. मग नंदगड, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली इथंच फाशी दिलं, समाधीपाशी लोक अजून नवस बोलतात. तिथून बीडीवरून कित्तूर, राणी चन्नम्माचा किल्ला, इंग्रजांशी १८२४ ची लढाई इथलीच, शेजारी म्युझियम आहे.

या रस्त्यावर बाहेर बघत राहा, कारण लाल माती आणि भाताची खाचरं मागं पडून काळी जमीन आणि जोंधळा सुरू होतो, आणि तसंच माणसांचं बोलणंपण मराठीवरून कन्नडवर येतं. 'अण्णा', 'अक्का' म्हणून हाक मारा, 'ऊटा' म्हणजे जेवण, 'नीरु' म्हणजे पाणी, 'एष्टु' म्हणजे किती, एवढ्यावर आमचं भागलं. खानावळीत जोंधळ्याची भाकरी, भरलेलं वांगं आणि शेंगाचटणी मागा.

एम.के. हुबळीला हायवेच्या पुलावर मलप्रभा परत भेटते, तिथून सौंदत्ती. पौर्णिमा टाळा, यल्लम्माच्या डोंगरावर तेव्हा गाडी लावायला जागा मिळत नाही. दर्शन झालं की नविलतीर्थाला जा, तिथं नदी डोंगर फोडून बाहेर पडते आणि तिथंच धरण बांधलंय. आम्ही धरणाच्या पाण्याकडं बघत बसलो होतो तेव्हा नवरा म्हणाला, "काल तर ओंजळीत मावत होती गं." परतायला बैलहोंगलवरून बेळगाव, ट्रॅक्टर-ट्रॉल्या बिनलाईटच्या असतात, म्हणून अंधार पडायच्या आत निघा.