विंडोजवर चालणारी क्वेरी लिनक्सवर अडते तेव्हा

घरच्या विंडोजवर नीट चालणारा मायएसक्यूएल या डेटाबेसचा प्रोग्राम लिनक्स सर्व्हरवर चढवला की त्यातली क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) ‘टेबल सापडत नाही’ म्हणते. विंडोजवर टेबलची नावं मुळातच स्मॉल अक्षरांत साठवली जातात, त्यामुळे कोडमध्ये कॅपिटल लिहिलं तरी चालतं. लिनक्सवर मात्र कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची नावं वेगळी धरली जातात.

१. सर्व्हरवर ‘शो टेबल्स’ ही आज्ञा चालवून टेबलांची खरी नावं पाहा.
२. टेबलांची आणि कोडमधली नावं अगदी सारखी ठेवा: सगळी स्मॉल अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. टेबलला क्वेरीत दिलेली टोपणनावंही तपासा, ती हमखास सुटतात. कॉलमच्या नावांना हा त्रास नाही.

टेबलच्या नावांत कॅपिटल-स्मॉलचा फरक धरायचा की नाही हे ठरवणारी ‘लोअर केस टेबल नेम्स’ ही सेटिंग बदलून सुटका होईल असं वाटतं, पण मायएसक्यूएल ८.० पासून ती सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरवता येते.