मक्याच्या शेतांतून सात दिवस : रॅगब्रायला जायचं असेल तर

जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या पश्चिम टोकाला ‘रॅगब्राय’ या सायकल सहलीसाठी हजारो सायकलस्वार जमतात. मिसूरी नदीत सायकलचं मागचं चाक बुडवून रविवारी निघायचं आणि शनिवारी पूर्वेला मिसिसिपीत पुढचं चाक बुडवायचं, अशी इथली रीत आहे. मधे सुमारे ६५० ते ८०० किलोमीटर रस्ता आणि दोन्ही बाजूंना मका नि सोयाबीन. ही स्पर्धा नाही, इथे वेळ कुणी मोजत नाही.

सुरुवात १९७३ ची. ‘डि मॉइन रजिस्टर’ या दैनिकातले दोन पत्रकार, जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल, राज्य सायकलने ओलांडून त्यावर लिहायचं ठरवतात आणि ‘कुणाला यायचं असेल तर या’ म्हणून वाचकांना बोलावतात. पश्चिम टोकाच्या सू सिटीला तीनेकशे माणसं जमली. त्यांतल्या ११४ जणांनी पूर्ण अंतर कापलं. त्या ११४ मध्ये ८३ वर्षांचे क्लॅरेन्स पिकार्ड होते. जुनी लेडीज सायकल, भर उन्हाळ्यात अंगात लांब लोकरीचे आतले कपडे आणि डोक्यावर सोला टोपी. ‘आपल्याच्यानं होईल का?’ असं कुणी विचारलं की मी त्यांचं नाव सांगते.

मी दोनदा गेले आहे. पहिल्यांदा ज्या गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या, त्या इथे जास्त सविस्तर लिहिते.

१. आधी किती दिवस जायचं ते ठरवा

नोंदणी आदल्या वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. मार्ग मात्र जानेवारीच्या अखेरीस जाहीर होतो आणि तो दरवर्षी बदलतो. पूर्ण आठवड्याची नोंदणी करता येते किंवा एकेका दिवसाचा पास घेता येतो. रोज ८० ते १३० किलोमीटर सलग सात दिवस चालवण्याची सवय नसेल तर पहिल्या वर्षी दोन-तीन दिवसच करा. त्यात काही कमीपणा नाही.

भारतातून येणार असाल तर व्हिसाची तारीख आधी बघा आणि प्रवासाच्या आरोग्य विम्यात कंजूसपणा करू नका. विमा घेताना सायकल सहलीतला अपघात त्यात धरलाय का, हे लेखी विचारून घ्या. पश्चिमेकडच्या सुरुवातीच्या गावांना ओमाहाचा विमानतळ सोयीचा असतो. परतीचं गणित मात्र उलट्या टोकाला, चार-पाचशे किलोमीटर पूर्वेला संपतं. त्यामुळे जायचं आणि यायचं असं दोन्ही एकाच वेळी ठरवा.

२. सामान आणि तंबू

आयोजकांचा ट्रक तुमची बॅग रोज पुढच्या मुक्कामी नेतो. पण तिथे ती ढिगातून शोधायची, ओझं उचलून जागा धरायची आणि तंबू लावायचा, हे सगळं दमल्या अंगानं करायचं असतं. चार्टर म्हणजे खासगी व्यवस्था. पैसे जास्त पडतात, पण तंबू लावून मिळतो, फोन चार्ज होतो, गार पाणी असतं. परदेशातून एकट्यानं येणाऱ्यानं पहिल्या वर्षी चार्टरच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचलेली ताकद दुसऱ्या दिवशी कामी येते.

बॅगेतले कपडे रोजचे वेगळे करून प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा. पहाटे मक्याच्या प्रदेशात इतकं दव पडतं की तंबू रोज ओलाच घडी करावा लागतो आणि त्याच्या शेजारचं सगळं ओलं होतं.

३. सायकल

रोड सायकल असो की हायब्रिड, तुमच्या अंगाला बसलेली हवी. टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे घ्या. आयोवातले बरेच ग्रामीण रस्ते काँक्रीटचे आहेत आणि त्यांना लांबीच्या दिशेनं भेगा पडतात. बारीक टायर अशा भेगेत अडकला तर हँडल वळत नाही आणि माणूस थेट आपटतो.

सायकल भाड्यानं किंवा उसनी घेणार असाल तर ब्रेक तपासा. आपल्याकडे मोटारसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि हाताला तीच सवय असते. अमेरिकेत सायकलचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला मिळतो. दुकानात सांगून तो बदलून घेता येतो. घाबरून दाबलेला चुकीचा ब्रेक माणसाला हँडलवरून फेकतो.

बसायच्या जागेचा विषय संकोचानं टाळू नका. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, रोज धुतलेली शॉर्ट्स घालायची आणि घर्षणाच्या जागी क्रीम लावायचं. पाय दुखून थांबणाऱ्यांपेक्षा जागा सोलून थांबणारे जास्त पाहिलेत.

४. सराव

‘आयोवा सपाट आहे’ हे ऐकून येणारे पहिल्याच दिवशी फसतात. पश्चिमेला लोएस हिल्स आहेत, वाऱ्यानं आणून टाकलेल्या मातीच्या टेकड्या. एवढे जाड थर चीनमध्ये सोडले तर क्वचितच कुठे दिसतात. पूर्वेला मिसिसिपीकडे जाताना पुन्हा चढउतार. दिवे घाटासारखी एक लांब चढण इथे नाही. छोटा चढ, छोटा उतार, पुन्हा चढ, असं दिवसभर चालतं. म्हणून मोठा घाट एकदा चढण्यापेक्षा दोन किलोमीटरचा चढ दहा वेळा करणं जास्त उपयोगी.

जानेवारीपासून जुलैपर्यंत दीड हजार किलोमीटर झाले तर चांगलं. पण एकूण आकड्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ लांब चालवणं महत्त्वाचं आहे. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या अंगानं सीटवर बसायची सवय घरी लागली पाहिजे.

५. गर्दीत चालवणं

हे सगळ्यात गंभीरपणे शिका. दहा हजार माणसं एका दोन पदरी रस्त्यावर असतात आणि त्यांतली बरीच तुमच्याइतकीच नवखी असतात.

इथे वाहतूक उजव्या बाजूनं चालते, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी पहाटे मुक्कामातून एकटं बाहेर पडताना, समोर कुणी नसताना, आपला हात सवयीनं डावीकडे वळतो. मी हँडलवर बाणाची पट्टी चिकटवली होती, उजवीकडे दाखवणारी. ओलांडायचं असेल तर डावीकडून, आणि ‘ऑन युअर लेफ्ट’ असं मोठ्यानं सांगून.

बाकी हाकाही पाठ करा. ‘कार अप’ म्हणजे समोरून गाडी, ‘कार बॅक’ म्हणजे मागून. रस्त्यावर येताना ‘रायडर ऑन’, बाजूला होताना ‘रायडर ऑफ’. चौक येण्याआधी रस्त्यावर आडव्या खाचा असतात, त्यांना ‘रंबल्स’ अशी हाक येते. तेव्हा हँडल घट्ट न आवळता हात सैल ठेवा आणि सीटवरून थोडं उठा. हाक ऐकली की आपणही ओरडायची. ती मागे पोहोचवणं प्रत्येकाचं काम आहे. म्हणूनच कानात इअरफोन नको.

थांबायचं तर आधी हात दाखवा, मग हळूहळू उजवीकडे येऊन पूर्ण गवतावर उतरा. माझ्यासमोर एकाची पाण्याची बाटली पडली आणि त्यानं जागच्या जागी ब्रेक मारला. मागचे तिघं पडले, एका बाईंचं कॉलरबोन मोडलं. बाटली दोन डॉलरला मिळते. पडली तर जाऊ द्या.

अनोळखी माणसाच्या चाकाला चिकटून वारा चुकवू नका. रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडा. गावात शिरताना गर्दी दाटली की उतरून चालत जा.

६. गावं टाळू नका

काही जण पहाटे पाचला निघून दुपारी बारापर्यंत पुढच्या मुक्कामी पोहोचतात आणि सावलीत झोपतात. त्यांनी आयोवाचा रस्ता पाहिला, पण आयोवा त्यांच्या हातून सुटलं.

वारीला गेलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. वाटेत विसावा, रात्री मुक्काम आणि प्रत्येक गाव पाहुण्यांसाठी जागं. दर दहा-पंधरा किलोमीटरला एक गाव येतं. आधी मक्यावर पाण्याची उंच टाकी दिसते, तिच्यावर गावाचं नाव रंगवलेलं. वस्ती कधी अवघी दोन-तीनशे असते. त्या एका दिवसाच्या विक्रीतून चर्चचं छप्पर, वाचनालय, शाळेचं बँडपथक, स्वयंसेवी अग्निशमन दल अशा कामांना पैसा उभा राहतो. म्हणून एक आणि पाच डॉलरच्या नोटा भरपूर ठेवा आणि मोठ्या विक्रेत्याआधी चर्चच्या आयांच्या टेबलाकडे वळा. रुबार्ब या आंबट देठांच्या भाजीचा आंबट-गोड ‘पाय’ (पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) तिथेच खावा. जुनं एका सिलिंडरचं इंजिन ठकठक करत आइस्क्रीम घुसळताना दिसलं की रांगेत उभं राहा.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण विचारून खावं लागतं. आयोवा हे डुकरांच्या पैदाशीत देशात पहिलं राज्य आहे. शिजवलेल्या बीन्समध्ये बेकन असू शकतं, पायच्या कवचात डुकराची चरबी असू शकते आणि पॅनकेकमध्ये अंडं असतंच. उकडलेलं कोवळं कणीस, कलिंगड, पीनट बटर सँडविच आणि चर्चमधला संध्याकाळचा पास्ता यांवर माझे दिवस छान गेले. खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर होतेच.

आणि माणसांशी बोला. अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या शेतकऱ्याला सोयाबीनबद्दल विचारलंत तर तो उठून उभा राहतो. इथलं सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या आसपास. पण भाव शिकागोच्या वायदेबाजारावर हलतो आणि पाऊस लांबला की झोप उडते, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला लातूरच्या आडत बाजारातली बोलणी आठवली. तिथेही शिकागोचं नाव निघतं. आमचं बोलणं अर्धा तास चाललं आणि जाताना त्यानं माझ्या दोन्ही बाटल्या बर्फानं भरून दिल्या.

७. ऊन आणि वादळ

तापमान पस्तिशीला गेलं तर आपल्याला त्याचं अप्रूप नसतं. त्रास देतो तो दमटपणा. जुलैत मका माणसाच्या वर गेलेला असतो आणि त्याच्या पानांतून इतकी वाफ निघते की स्थानिक लोक ‘मक्याला घाम आलाय’ म्हणतात. एका बाटलीत पाणी, दुसरीत ओआरएस ठेवा. तहान लागण्याआधी घोट घेत राहा. घाम यायचा थांबला, थंडी वाजली किंवा बोलणं अडखळलं तर लगेच सावलीत बसा आणि मदत मागा. मागून येणारी सॅग गाडी तुम्हाला नि सायकलला पुढच्या मुक्कामी नेते. तिच्यात बसायला लाजू नका.

विजा चमकू लागल्या तर झाडाखाली थांबू नका. गावाचा भोंगा वाजला तर शाळा, चर्च किंवा कुणाच्याही घराचं तळघर गाठा. दार वाजवलं की लोक आत घेतात.

८. संध्याकाळ

तीनच्या सुमारास मुक्कामी पोहोचणं बरं. अंघोळीला शाळेच्या व्यायामशाळेत किंवा मोठ्या ट्रकवरच्या न्हाणीघरात काही डॉलर पडतात. फिरत्या संडासांना सगळे ‘कायबो’ म्हणतात. त्यांच्यापासून तंबू लांब लावा, रात्रभर दारं आपटत असतात. रोज साखळी पुसा, टायर बोटांनी चाचपा आणि रुतलेली काच आजच काढा.

शेवटच्या दिवशी सायकल परत पाठवण्याची खोकी कुठे मिळणार, हे आधीच्या रात्री विचारून ठेवा. पोहोचल्यावर तिथे रांग असते. नदीवरही रांग असते आणि काठ चिखलाचा असतो. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट काढा, सायकल उचला, अनवाणी पाण्यात उतरा. पुढचं चाक.