साथ चालू असताना शाळा उघडायची तर आधी खिडक्या, सह्या नंतर

आमची शाळा जिल्हा परिषदेची. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे बंद झाली, ती १ डिसेंबर २०२१ ला उघडली. पुढच्याच महिन्यात पुन्हा कुलूप लागलं, पुन्हा उघडावं लागलं. या दोन वेळच्या अनुभवातून जे कळलं ते लिहून ठेवतेय. पुन्हा अशी वेळ आली तर कुणा मुख्याध्यापकाला चाचपडायला नको.

उघडण्याच्या पंधरा दिवस आधी शाळेत चक्कर मारा. आम्हाला व्हरांड्यात गांधीलमाश्यांचं पोळं सापडलं आणि टाकीत हाताला लागेल इतकं शेवाळ. टाकी रिकामी करून घासा, ब्लीचिंग पावडरने धुवा, नळातलं साचलेलं पाणी वाहून जाऊ द्या. हात धुवायची सोय याच पाण्यावर चालणार आहे. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधला की चिखलात पडत नाही आणि बुटक्या पोरांच्याही हाताला येतो.

मग खिडक्या. सगळ्यांचा जोर फवारणीवर असतो. बाकं जरूर पुसा, पण सगळी ताकद तिथे घालवू नका. हा आजार मुख्यतः श्वासातून, कोंडलेल्या हवेतून पसरतो. आमच्या दोन खिडक्या चोरीच्या भीतीने खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या. ते खिळे काढायला सुतार बोलवला. खोलीत हवा खेळते की नाही हे बघायला वर्गाच्या मधोमध अगरबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते पाहा. आमच्याकडे तिसरीच्या वर्गात धूर सरळ वर जाऊन कौलांखाली तरंगत राहिला. दारासमोरची खिडकी उघडली, तसा तो वाकला आणि बाहेर निघाला. ज्या कोपऱ्यात धूर रेंगाळतो, तिथे मूल बसवू नका. खोली सुधारतच नसेल तर वर्ग चिंचेखाली भरवा. डिसेंबरच्या उन्हात पोरं बाहेर खुशीत बसतात.

आता पालकांचं. इथे माझी चूक झाली. मी आधी संमतीपत्रं वाटली. सह्या आल्या, अंगठे आले, पोरं मात्र आली निम्मीच. कागदावर हो म्हणणं वेगळं आणि पोराला दप्तर देऊन पाठवणं वेगळं. मग आशाताईंना सोबत घेऊन घरोघर गेले. एका घरी आजी म्हणाल्या, "बाई, पोराचं मला भ्या नाही. मला शुगर आहे, त्यानं घरी आणलं तर?" कागदावर त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. आम्ही ठरवलं, तो एक दिवसाआड येईल, घरी आल्यावर आधी हातपाय धुईल, आणि काही दिवस आजीजवळ झोपणार नाही. आजींच्या लसीचा दुसरा डोस राहिला होता, तो आशाताईंनी त्याच आठवड्यात करवून घेतला. प्रत्येक घरची भीती निराळी असते. ती ऐकून घ्या, आणि ज्याचं उत्तर तुमच्याकडे नाही तिथे खोटा धीर देऊ नका.

आमच्या एका खोलीत विलगीकरण कक्ष होता. "त्या खोलीत पोरगी बसवणार नाही," असं चार घरांनी सांगितलं. वाद घातला नाही. खोली गावासमोर धुतली, चुना दिला आणि तिथे सामान ठेवलं.

आजारी मुलाची तयारी पहिल्या दिवसाआधी हवी. उघड्या व्हरांड्यात एक खुर्ची, आणि भिंतीवर प्रत्येक मुलाचे दोन फोन नंबर: एक घरचा, एक शेजारचा. आई-बाप शेतात असले की पहिला लागत नाही. शंभर टक्के हजेरीचं कौतुक बंद करा. त्या कौतुकापायी पोरं ताप अंगावर काढून येतात. दोन जादा मास्क कपाटात ठेवा. पोरं मास्क अदलाबदल करतात, म्हणून कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने नावाचं अक्षर शिवून घ्या.

आणि दुसरीच्या मुलांकडे विशेष लक्ष द्या. कागदावर दुसरी, पण ती त्याआधी एकदाही वर्गात बसलेली नव्हती. एक मुलगा दारात चपला हातात धरून उभा होता, कुठे ठेवायच्या हे त्याला माहीत नव्हतं. पहिले आठ दिवस धडा काढू नका. चपलांची रांग, नळावरची रांग, आपली जागा कोणती, एवढंच शिकवा. अंतराच्या खुणा खडूने काढल्या तर दुपारपर्यंत पुसल्या जातात. आम्ही चुन्याने गोल काढले आणि प्रत्येकाला आपल्या गोलात आपलं चित्र काढू दिलं. त्या मुलाने गोलात चपलेचं चित्र काढलं.