जुने ॲनालॉग कॅमेरे घरच्या नेटवर्कवर आणताना: शिडी लावण्याआधीची तयारी

घराला किंवा दुकानाला काही वर्षांपूर्वी कॅमेरे बसवले असतील, तर बहुधा भिंतीतून कोॲक्स केबल गेलेली असते आणि चित्र दिसतं ते हॉलमधल्या एकाच टीव्हीवर. आता ते मोबाईलवर, लॅपटॉपवर हवं असतं. विचारायला गेलं की पहिला सल्ला मिळतो, सगळं काढा आणि आयपी कॅमेरे, म्हणजे थेट नेटवर्कला जोडले जाणारे, लावा. केबल धड असेल तर मला हा सल्ला पटत नाही. ॲनालॉग कॅमेरा स्वतः नेटवर्कवर येतच नाही, येतो तो डीव्हीआर, म्हणजे सगळे कॅमेरे जिथे येऊन मिळतात ती रेकॉर्डिंगची पेटी. म्हणजे नवी लॅन केबल एकच टाकायची आणि सांभाळायचीही ती एकच पेटी. मात्र त्या पेटीबद्दलची सगळी माहिती कामाला हात लावण्याआधी हाताशी हवी.

सुरुवात कॅमेऱ्यांपासून करा. कोणता कॅमेरा कुठल्या जातीचा आहे ते कागदावर लिहून काढा. जुना साधा ॲनालॉग म्हणजे सीव्हीबीएस, आणि नंतरचे एचडी म्हणजे एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय. सगळ्यांना तोच बीएनसी कनेक्टर बसतो, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. जुन्या डीव्हीआरला टीव्हीआय कॅमेरा जोडला तर पडदा काळा राहतो आणि दोष विनाकारण केबलवर जातो. कॅमेऱ्यावरचं स्टिकर वाचा. शेपटीला छोटी जॉयस्टिक किंवा स्विच असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यानेच सिग्नलचा प्रकार बदलता येतो. डीव्हीआर नवा घ्यावाच लागला तर हे चारही प्रकार आणि शिवाय आयपी घेणारा, म्हणजे दुकानात ज्याला एक्सव्हीआर म्हणतात तो घ्या. जुने कॅमेरे त्यावर चालतात आणि पुढे एखादा आयपी कॅमेरा जोडायचीही सोय राहते.

पॉवर सप्लाय तपासायचा तो रात्री. थ्री प्लस वन केबलमधल्या (एक कोॲक्स आणि सोबत तीन तारा) पॉवरच्या तारा बारीक असतात. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतो. दिवसा स्वच्छ दिसणारं चित्र रात्री लुकलुकतं किंवा जातं ते बहुतेक वेळा यामुळे. दिवे लागलेले असताना सर्वांत लांबच्या कॅमेऱ्याच्या डीसी पिनवर मल्टिमीटर लावा. १२ चे ११ व्होल्टही उरत नसतील तर आधी एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय) आणि जोड बघा, नेटवर्क नंतर. बीएनसी स्क्रूचे असतील तर क्रिंपचे बसवून घ्या आणि बाहेरचे जोड प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये टाका. आपल्या पावसात टेपवर भागत नाही.

लॅनचा भाग तुलनेने सोपा. डीव्हीआरपासून राऊटरपर्यंत कॅट सिक्स केबल, १०० मीटरच्या आत. अंतर गैरसोयीचं असेल तर लॅन पोर्ट असलेला वायफाय एक्स्टेंडर डीव्हीआरजवळ ठेवा. गच्चीवर कॅमेरा असेल तर मी एक्स्टेंडरच पसंत करेन. वळवाच्या दिवसांत जवळपास वीज पडली की झटका कोॲक्समधून डीव्हीआरमध्ये आणि लॅन केबलमधून पुढे राऊटर, संगणकापर्यंत पोचू शकतो. मधला टप्पा बिनतारी असला की तांब्याचा तो रस्ता तिथे तुटतो. विजेच्या प्लगकडून येणारा झटका त्याने थांबत नाही, म्हणून सॉकेटचं अर्थिंग खरोखर आहे की नाही हे वायरमनकडून मोजून घ्या. राऊटर आणि डीव्हीआर दोन्ही यूपीएसवर असू देत, कॅमेऱ्यांचा एसएमपीएससुद्धा. तोच विसरला जातो आणि वीज गेल्यावर डीव्हीआर रिकाम्या चौकटींचं रेकॉर्डिंग करत बसतो.

आता नेटवर्कवरचे पत्ते. राऊटरचा पत्ता बघा. जिओच्या राऊटरचा बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, इतर कित्येकांचा १९२.१६८.१.१. जुन्या डीव्हीआरमध्ये पूर्वीच्या राऊटरप्रमाणे पत्ता हाताने टाकलेला असतो, आणि इंटरनेटचं कनेक्शन बदललं की तो नव्या नेटवर्कला दिसेनासा होतो. डीव्हीआरमध्ये डीएचसीपी, म्हणजे राऊटरकडून आपोआप पत्ता घेण्याची सोय, चालू करा आणि राऊटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवा. मग तो बदलत नाही. संगणकावर बघण्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर आधीच उतरवून ठेवा, कारण कित्येक जुन्या डीव्हीआरचं वेबपान फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडतं आणि मायक्रोसॉफ्टने ते जून २०२२ मध्ये बंद केलं. एज ब्राउझरमधला आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड काही वेळा कामी येतो. डीव्हीआर आरटीएसपी, म्हणजे नेटवर्कवरून थेट चित्र पाठवण्याची पद्धत, देत असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्येही चित्र दिसतं.

यानंतरच्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ द्या: डीव्हीआर नक्की कोणाच्या ताब्यात आहे? कॅमेरे बसवणारा माणूस बऱ्याचदा सोयीसाठी डीव्हीआर स्वतःच्या मोबाईलमधल्या ॲपला जोडतो, ॲडमिनचा पासवर्ड स्वतः ठरवतो आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठी ईमेलही स्वतःचाच देतो. त्यात त्याचा हेतू वाईट असतो असं नाही, तक्रार आली की घरबसल्या बघता यावं एवढंच. पण आज डीव्हीआर नेटवर्कला जोडला की तुमचं अंगण त्याच्या मोबाईलवर दिसू शकतं. म्हणून जोडण्याआधी त्याला फोन करून ॲडमिनचा पासवर्ड मागून घ्या, त्याच्या खात्यातून डीव्हीआर काढून टाकायला सांगा आणि ईमेल बदला. काही कंपन्यांत जुन्या खात्यातून उपकरण सोडवल्याशिवाय नव्या खात्यात ते घेताच येत नाही. वापरकर्त्यांची यादी उघडा, ओळखीची नसलेली नावं काढा. घरातल्या इतरांसाठी फक्त बघण्यापुरता वेगळा वापरकर्ता करा, ॲडमिनचा पासवर्ड सगळ्यांना वाटू नका. तो माणूस सापडतच नसेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातून रीसेट करून घ्या. त्यात चार दिवस गेले तरी चालतील.

पासवर्डबद्दल इतकं सांगण्याला कारण आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातले मूळ पासवर्ड न बदललेले डीव्हीआर, कॅमेरे आणि राऊटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर या उपकरणांकरवी हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना उघडेनाशा झाल्या. मालकांना त्याचा पत्ताही नसावा, त्यांचा डीव्हीआर नेहमीसारखा रेकॉर्डिंग करतच असणार. म्हणून पासवर्ड लांब आणि फक्त याच उपकरणासाठीचा ठेवा, डीव्हीआरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवरूनच अद्ययावत करा आणि यूपीएनपी, म्हणजे उपकरणाला राऊटरमध्ये परस्पर वाट उघडू देणारी सोय, राऊटर व डीव्हीआर दोन्हीकडे बंद करा.

बाहेरून बघण्यासाठी राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट, उघडायला सांगणारे अजून भेटतात. ते करू नका. तसंही आपल्याकडच्या अनेक घरगुती कनेक्शनवर ते चालत नाही. राऊटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेटवरचा खरा पत्ता इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून थेट आत येता येत नाही. मग क्यूआर कोड स्कॅन करून चालणारं डीव्हीआर कंपनीचं ॲप, किंवा जमत असेल तर स्वतःचा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा बंदिस्त खाजगी मार्ग. व्हीपीएन जास्त चांगला, कारण चित्र कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहत नाही. ॲप वापरणार असाल तर मोबाईलसाठी सबस्ट्रीम, म्हणजे कमी डेटाचं हलकं चित्र, निवडा. चार कॅमेरे प्रत्येकी अर्धा एमबीपीएस धरले तरी बघत असताना घरातून २ एमबीपीएस सतत बाहेर जातात, तेव्हा अपलोडचा वेग आधी मोजून ठेवा.

हार्डडिस्कचं गणित कागदावर करता येतं. मुख्य स्ट्रीम प्रत्येकी २ एमबीपीएस, चार कॅमेरे म्हणजे ८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १ एमबी, दिवसाला सुमारे ८६ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर साडेअकरा दिवस मावतात. सुट्टीत पंधरा दिवस गावी जाणाऱ्यांना २ टीबी लागेल. डिस्क सीसीटीव्हीसाठीचीच घ्या, ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली असते.

जोडणी झाल्यावर डीव्हीआरमध्ये टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० ठेवा आणि वेळ इंटरनेटवरून घ्यायला लावा. चोरी झाली आणि रेकॉर्डिंगवरची वेळ चाळीस मिनिटं मागे असली तर पोलिसांपुढे पहिला प्रश्न तोच येतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यामुळे प्रत कधी, कोणी आणि कुठल्या उपकरणातून काढली हे तिथल्या तिथे लिहून ठेवायची सवय बरी.

कॅमेऱ्यांच्या दिशाही याच वेळी बघून घ्या. टीव्हीवर दिसत होतं तोवर शेजारच्यांचा दरवाजा चौकटीत येतो हे चालून गेलं असेल, आता तेच चित्र घरातल्या चार मोबाईलवर जाणार आहे. कॅमेरा थोडा फिरवा किंवा डीव्हीआरमधून तेवढा भाग झाकून टाका. घरकामाच्या मावशींना आणि भाडेकरूंना कॅमेरे आता मोबाईलवर दिसतात हे स्पष्ट सांगा. आवाज रेकॉर्ड होत असेल तर तो बंद करणंच योग्य.

शेवटी एक चाचणी. मोबाईलचं वायफाय बंद करून ॲप उघडा, काल रात्री दोन वाजताचं रेकॉर्डिंग शोधा आणि मग डीव्हीआरजवळ जाऊन त्यातली पाच मिनिटं पेनड्राइव्हवर उतरवा. ती फाइल दुसऱ्या संगणकावर चालते का तेही बघा, कारण काही डीव्हीआर स्वतःच्याच प्लेअरमध्ये उघडणारी फाइल देतात. तसं असेल तर तो प्लेअरही त्याच पेनड्राइव्हवर टाकून ठेवा.